दोन बोटं माया

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी जुन्या कपड्यांच्या त्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा शटर अर्धंच वर होतं आणि आत काकू गाठोड्यांच्या मधोमध बसून शर्टांची बटणं मोजत होत्या. एक बटण कमी असलं की शर्ट डावीकडे, दोन कमी असली की मागे, सगळी असली की मांडीवर. मी म्हटलं, मी कॉलेजमधून आलेय, डिस्प्लेच्या इंटर्नशिपला, सहा आठवडे. त्या म्हणाल्या, "ये की. आधी चप्पल काढ, आणि हे बघ कुठल्याला वास येऊलाय काय ते."

तो अख्खा दिवस कपडे हुंगण्यात गेला. डांबरगोळ्यांचा वास, बंद कपाटाचा कुबट वास, उदबत्तीचा, घामाचा, आणि एका पेटीतल्या साड्यांना तर वाळ्याचा इतका छान वास होता की मी ती घडी परत परत नाकाशी नेत होते. कॉलेजमध्ये तीन वर्षं कापडावर शिकत होते पण कापड असं ओळखायला कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्या घरातनं आलंय, किती दिवस कपाटात होतं, शेवटचं कधी नेसलं होतं, वासावरनं काकू हे सगळं अंदाजानं सांगायच्या आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं, कारण देणारी बाई मागनं येऊन स्वतःच सांगून जायची.

दुकान बेळगावच्या टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडच्या एका गल्लीत. एक छोटी ट्रस्ट चालवते. लोक वापरलेले पण धड कपडे आणून देतात, ते धुवून, तपासून, इस्त्री करून अगदी थोड्या किमतीला विकायचे आणि येणारे पैसे शाळेतल्या मुलींच्या फीला, वह्यापुस्तकांना. शर्ट पन्नास, ब्लाउज ऐंशी, साडी दीडशेच्या आसपास. इंग्लंडमध्ये ह्याला चॅरिटी शॉप म्हणतात आणि तिथं अशी दुकानं गावोगावच्या बाजारपेठेत असतात. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झाली, ग्रीसमध्ये युद्धामुळे उपासमार चालली होती तिथल्या लोकांसाठी, आणि त्याच दशकात तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवर त्यांनी लोकांनी दिलेल्या वस्तू विकायचं दुकान काढलं. आमच्या कोर्समध्ये हे सगळं होतं. पण आपल्याकडे जुन्या कापडाला दुकान लागायचंच नाही. साडी विटली की तिची बाळासाठी झोळी, झोळी विरली की वाकळ, वाकळेतनं उरलं ते पायपुसणं, शेवटी फरशीचं फडकं. जरा बऱ्यातलं असलं तर बोहारणीला देऊन त्यावर स्टीलचा डबा घ्यायचा, त्या डब्यासाठी दारात अर्धा तास घासाघीस. खानापूर, हल्याळकडच्या सिद्दी बायका, म्हणजे मूळच्या आफ्रिकन वंशातल्या, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, शिवतात आणि चारी कोपऱ्यांना कापड दुमडून केलेली फुलं लावतात, इतक्या विरलेल्या कापडाला शेवटी फूल लावणं मला फार आवडतं.

पण दुसऱ्यानं वापरलेला कपडा पैसे देऊन घ्यायचा, हे आपल्या लोकांच्या पचनी पडत नाही. जुनेर घेणं म्हणजे कुणाच्या तरी दारात उभं राहून घेणं, अशीच सवय. देणारी जे देईल ते घ्यायचं, रंग आवडला नाही तरी "बरं हाय की वैनी" म्हणायचं. मला वाटतं त्या दुकानाची खरी किंमत तिथं आहे. ऐंशी रुपये मोजले की बाईला तो ब्लाउज उलटापालटा करता येतो, नाकारता येतो, "हे काय भोक" म्हणून परत फेकता येतो, दहा रुपये कमी करायला लावता येतात. गूंज ही संस्था अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये सुरू केली, तेही कपडे नुसते वाटत नाहीत, गावानं मिळून विहीर किंवा रस्त्याचं काम केलं की त्याचा मोबदला म्हणून देतात. मागे मी हे वाचलं होतं तेव्हा चांगलं वाटलं होतं, पण कळलं ते ह्या दुकानात, एका बाईला पाच शर्ट नाकारून सहावा घेताना बघून.

तर माझं काम होतं समोरची काच. आठ फूट रुंद, पश्चिमेला तोंड, मागे प्लायवुडचं पार्टिशन. दोन पुतळ्या होत्या, बंद पडलेल्या कुठल्यातरी साडीच्या दुकानानं दिलेल्या, एकीचा डावा हात नव्हता. मी सगळं क्लासमध्ये शिकल्याप्रमाणे केलं. वस्तू विषम संख्येत मांडायच्या, तीन किंवा पाच. त्रिकोण धरायचा, सगळ्यात उंच वस्तू मधोमध नको. रस्त्यावरनं जाणाऱ्याच्या नजरेच्या उंचीला एकच ठळक गोष्ट. लटकवायला तंगूस, म्हणजे मासे धरायची प्लास्टिकची दोरी, ती लाइटमध्ये दिसत नाही. लंडनमध्ये सेल्फ्रिजनं १९०९ मध्ये दुकान उघडलं तेव्हा दुकान बंद झाल्यावरही काचेतले दिवे जळते ठेवले, हे सरांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मी काकूंकडे पिवळसर एलईडीसाठी हट्टच धरला आणि त्यांनी आणून दिले.

जांभळा ब्लाउज, मोतिया रंगाची सुती साडी, हात नसलेल्या पुतळीच्या खांद्यावरनं पदर असा टाकला की हात नाही हे कळूच नये. साडीवर हळदीचा डाग होता, तो निऱ्यांत घातला. एका कुर्त्याला रफू होतं, ती बाजू मागे फिरवली. बाह्यांत पेपर भरून फुगवल्या. संध्याकाळी दिवे लावले आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं तर खरंच एखाद्या बुटीकसारखं दिसत होतं. फोटो काढून ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी हार्ट दिले.

आणि दुकानात कुणी आलं नाही.

म्हणजे येणारे येत होते, ज्यांना माहीत होतं ते थेट आत येऊन ढिगात हात घालत होते, काचेकडे बघतही नव्हते. काचेकडे बघणारे वेगळे. कॉलेजच्या मुली, संध्याकाळी फिरायला निघालेल्या बायका, थांबायच्या, बघायच्या, महाग असणार म्हणून पुढे जायच्या. एकदोघी आत आल्या, किंमत विचारली, ऐंशी म्हटल्यावर चेहरा बदलला. "ऐंशी? का बरं? काय झालंय त्याला?" मी दिव्याखाली इतकं नटवलं होतं की ऐंशी रुपये हाच त्यांना सगळ्यात मोठा डाग वाटला. मग त्या शोधायला लागायच्या. निऱ्या उलगडायच्या, हळदीचा डाग सापडायचा आणि एकमेकींकडे अशा बघायच्या की मला तिथून निघून जावंसं वाटायचं. डाग वर दिसला असता तर त्यांनी कदाचित दहा रुपये कमी करून साडी घेतलीही असती. लपवलेला सापडला म्हणून घेतली नाही.

आणखी एक प्रश्न यायचा, तो हळू आवाजात. "हे मेलेल्या माणसाचं न्हवं नव्हं?" पहिल्यांदा विचारला तेव्हा मी गडबडून "नाही नाही" म्हणणार होते, पण काकू गल्ल्यावरनंच म्हणाल्या, "ठाऊक नाही बाई. धुतलंय, इस्त्री केलंय, एवढं ठाऊक आहे." त्या बाईनं साडी ठेवून दिली. मला राग आला होता, एक गिऱ्हाईक घालवलं म्हणून. पण तीच बाई पुढच्या आठवड्यात येऊन मुलाचे दोन शर्ट घेऊन गेली. काकूंनी नंतरही कुणाला कधी "नाही" असं सांगितलं नाही, आणि कुणाच्या कपड्याची गोष्ट पण रंगवून सांगितली नाही. ठाऊक आहे तेवढंच सांगायचं.

दुसऱ्या आठवड्यातली एक दुपार मला जशीच्या तशी आठवते. करंट गेलेला, आत अंधार, ऊन रस्त्यावर पांढरं पडलेलं. एक बाई आली, चाळिशीची असेल, चार घरची कामं करून घरी निघालेली. निपाणीकडं बहिणीच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर, साडी होती पण ब्लाउज जुना होऊन फाटलेला, आणि लग्नसराईत टेलर आठ दिवसांत देतो कशाला, दिला तरी शिलाई तिला झेपणारी नव्हती. तिनं काचेतला तो जांभळा ब्लाउज मागितला. मी पुतळीवरनं काढून दिला, नीट बाह्या सरळ करून, समोरची बाजू तिच्याकडे करून. तिनं तो घेतला, दारापाशी उजेडात नेला आणि एका झटक्यात उलटा केला.

बाजूची शिवण काखेपासून कमरेपर्यंत अंगठ्यानं चाचपली. मग दोन बोटं आडवी ठेवून मोजली. "दोन बोटं माया हाय," म्हणाली, "तीन टिपा घातल्यात. चांगल्या टेलरकडचा हाय." काजं बघितली, हुकं ओढून बघितली, काखेचं अस्तर नाकाशी नेलं. बाहेरच्या बाजूकडे तिनं एकदाही बघितलं नाही. मी म्हटलं, "मावशी, समोरनं पण बघा की, रंग किती छान आहे." ती म्हणाली, "समोरनं काय बघायचं बाळा, समोरनं सगळीच चांगली दिसत्यात."

रंग तिच्या साडीला जुळला नाही म्हणून जांभळा तिनं परत दिला. ढिगातले सात-आठ ब्लाउज असेच उलटे करून बघितले आणि एक हिरवा घेतला, त्याला पण माया भरपूर होती.

माया हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. आई टेलरला सांगायची, माया जरा जास्त ठेवा. कॉलेजात गेले आणि त्याचं सीम अलाउन्स झालं, शिवणीच्या आतलं जादा कापड, रेडीमेडमध्ये साधारण एक सेंटिमीटर, कारण जास्त ठेवलं तर हजार पिसांमागे किती मीटर कापड वाया जातं त्याचा हिशेब असतो. आपला टेलर मात्र इंचभर ठेवतो आणि पाव-पाव इंच सोडून दोन-तीन टिपा मारतो. आतली टीप उसवली की पुढचा भाग पाव इंच सुटतो, मागचा पाव, दोन्ही बाजू मिळून अख्खा एक इंच. बाळंतपणानंतर, वय वाढल्यावर, धाकट्या बहिणीला दिल्यावर, तोच ब्लाउज एकेक टीप सोडत जातो. ब्लाउजला साइझचं लेबल नसतं, एका बाईच्या मापाचा असतो तो. दुसऱ्या बाईला तो होणार की नाही हे फक्त माया बघून कळतं. म्हणजे आमच्या दुकानात येणाऱ्या बाईला जे बघायचंय ते सगळं आतल्या बाजूला होतं आणि मी दोन आठवडे बाहेरची बाजू सजवत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगते. दुसऱ्या दिवशी काकूंना विचारून सगळी काच रिकामी केली.

तंगूसावर सात ब्लाउज टांगले. पुस्तकात नजरेची उंची दिलीय त्यापेक्षा चार बोटं खाली, कारण त्या गल्लीतनं जाणाऱ्या बायका पुस्तकातल्या बायकांपेक्षा बुटक्या आहेत. सातातले सहा उलटे. बाजूची शिवण काचेकडे, माया उघडून पिनांनी पसरलेली, टिपांच्या तीन रेघा स्पष्ट दिसतील अशा, खाली टेलरचा खडू आणि इंचटेप. जांभळा तेवढा सरळ ठेवला, उलट-सुलट फरक दिसावा म्हणून. कुर्त्याचं रफू पुढे फिरवलं आणि त्याच्या शेजारी त्याच रंगाच्या दोऱ्याचं रीळ ठेवलं. हळदीच्या डागाची साडी डाग वर करून घडी घातली, किंमत तीस रुपये कमी. न्यूयॉर्कला टिफनीच्या काचेत जीन मूर नावाचा माणूस १९५५ पासून कितीतरी वर्षं हिऱ्यांच्या शेजारी साधी दोरी, अंडी असलं काहीबाही मांडायचा, तो माझा क्लासमधला सगळ्यात आवडता, त्याची त्या दिवशी फार आठवण झाली. फक्त आमच्याकडे दोरी आणि हिरा एकाच ब्लाउजमध्ये होते.

कार्डं कुठल्या भाषेत करायची हा प्रश्न होताच. बोर्डाच्या भाषेवरनं आमच्या भागात काय काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे बोर्डावर साठ टक्के कन्नड लागतं, ते दुकानाच्या बोर्डावर आहे. कार्डावर मी वर कन्नड, खाली मराठी लिहिलं, "एरडु बेरळु", "दोन बोटं", आणि मधे दोन बोटांचं चित्र काढलं. नंतर लक्षात आलं की अक्षरं कुणी वाचतच नाही, बोटं बघतात आणि आपली दोन बोटं वर करून हसतात. बैलहोंगलकडच्या एक अक्का यायच्या, त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला कन्नड मोडकंतोडकं, पण त्या निरिगे म्हणायच्या, मी निऱ्या म्हणायचे, त्या इळकल, मी इरकल, आणि झंपर तर त्यांच्या आणि माझ्या आजीच्या तोंडात एकच. कापडावर बोलताना आमचं कधी अडलं नाही.

लगेच गर्दी झाली असं नाही. पहिल्या दिवशी चार बायका आत आल्या. पण चौघींनी आत आल्या आल्या हात पुढे केला, "ते बघू," आणि "का बरं एवढं स्वस्त" हे एकीनंही विचारलं नाही. कारण का स्वस्त ते काचेतच लिहिलं होतं, कापडावर. त्या शनिवारी पाच ब्लाउज गेले.

आजीला मी हे सगळं रोज रात्री सांगत होते. आमचं घर वडगावात, अजून आमच्या गल्लीत पॉवरलूमची खडखड असते, पाहुणे आले की त्यांना झोप लागत नाही आणि आम्हाला माग बंद पडला की जाग येते. आजीनं आयुष्यभर कांड्या भरल्या. तिला साडी दाखवली की ती आधी पदर उलटा करते, मी हे इतक्या वेळा बघितलंय की त्याचा कधी विचारच केला नव्हता. इरकल असेल तर तिचं बोट थेट अंग आणि पदर जुळतो तिथं जातं. इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, पदराचा वेगळा, आणि ते दोन्ही ताणे दोऱ्याच्या फासात फास अडकवून जोडतात, कोंडी म्हणतात त्याला, आणि हे दर साडीला नव्यानं करावं लागतं. सांधा कसा झालाय ते मागनं कळतं. तिनं हे मला शिकवलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, मी बघत होते पण शिकत नव्हते.

"मी येतो बघायला," ती म्हणाली, आणि खरंच सिटीबसनं आली, ऊन उतरल्यावर. आमच्याकडे जुन्या बायका मी येतो, मी जातो असंच बोलतात. आत यायच्या आधी रस्त्यावर उभी राहून पाच मिनिटं बघत होती. मग म्हणाली, "बरं केलैस. दुसऱ्या दुकानात आत हात घालू देत न्हाईत." मग जवळ येऊन डोळे बारीक करून, "पण त्या लालचं अस्तर मागनं बदललंय बघ. कापड वेगळं हाय. ते पण लिहून ठेव, घेणारीला कळूदे." मी लिहिलं.

ह्याच्यात वैशाखातली शिवजयंती आली. बेळगावात चित्ररथांची मिरवणूक म्हणजे काय असतं ते ज्यांनी रात्रभर रस्त्याकडेला उभं राहून बघितलंय त्यांनाच माहीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अख्खा गड, त्यावर जिवंत माणसं. एका मंडळाची पोरं धोतरं, उपरणी, जुनी नऊवारी लुगडी शोधत आमच्याकडे आली. मी विचारलं नवं कापड का नाही घेत, ठोकमध्ये स्वस्त पडेल. त्यातला एकजण म्हणाला, "नवीन कापड हॅलोजनखाली चमकतंय ताई, मावळा नाटकातला वाटतो." मला त्याला मिठी मारावीशी वाटली. डिस्प्ले हा शब्द मी कॉलेजात शिकले पण देखावा हा शब्द आमच्या गल्लीतला आहे, दिवाळीत मातीचा किल्ला करताना दगड दिसू द्यायचा की सारवायचा ह्यावर आम्ही लहानपणी भांडलोय, ते सगळं शिक्षणच होतं. मिरवणुकीच्या रात्री मी बघायला गेले आणि एका मावळ्याच्या डोक्याला आमच्या दुकानातली बदामी चादर ओळखली, मीच तिला इस्त्री केली होती.

अशा दुकानाच्या काचेची एक अडचण मोठी आहे, तिथली प्रत्येक वस्तू एकच असते. नव्या साडीच्या दुकानात पुतळीवरची साडी आवडली की आतनं तसलीच दुसरी काढून देतात. इथं पुतळीच उघडी करायला लागते. इंग्लंडमध्ये काही दुकानं काचेतली वस्तू काच बदलायच्या दिवशीच देतात, तोवर नाव लिहून घेतात, असं मी काकूंना सुचवलं. त्यांनी साफ नाही म्हटलं. "बाई आत्ता आलीय, तिला आत्ता पाहिजे. परत हेलपाटा कोण मारणार?" मग मी मांडणीच अशी करायला लागले की एक गेलं तरी बाकीचं पडू नये. सगळं फासावर, हूक काढला की सुटलं पाहिजे. त्रिकोण सोडून दिला आणि दोरीवर वाळत घातल्यासारखी ओळ केली, ओळीतला एक कपडा गेला तर दोरी मोकळी दिसते, मोडलेली दिसत नाही. मोकळ्या जागेला दुसरं येईपर्यंत मी काही लावतही नव्हते. जागा मोकळी आहे म्हणजे कुणीतरी ते घेऊन गेलंय.

आता माझ्याकडनं झालेली चूक सांगते. तो जांभळा ब्लाउज. रोज काही ना काही विकलं जात होतं, जागा बदलत होत्या, पण त्याला कुणी घेत नव्हतं, रंग फार ठळक होता. त्यामुळे तो तिथंच राहिला, ओळीच्या टोकाला, जिथं चार वाजल्यापासून सहा-साडेसहापर्यंत उन्हाची तिरीप सरळ पडते. काचेतनं ऊन येतंच, फक्त वारा येत नाही. तीन आठवड्यांनी मी तो खाली काढला आणि हातातच बघत राहिले. काचेकडची बाजू विटून राखट झालेली. जिथं इंचटेप लोंबत होती तिथं तेवढी गडद पट्टी. रंग उन्हाला किती टिकतो ह्याच्यावर आम्हाला अख्खा एक पेपर होता, मला त्यात चांगले मार्क होते. कुणीतरी नीट वापरून, घडी घालून, लोकांच्या उपयोगी पडावा म्हणून दिलेला कपडा माझ्यामुळे खराब झाला, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. न विकला जाणारा कपडाच सगळ्यात जास्त दिवस उन्हात राहतो, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

काकू ओरडल्या नाहीत. वहीत लिहिलं, ब्लाउज एक, खराब. मी ऐंशी रुपये दिले, त्यांनी ते घेतले, हे मला बरं वाटलं. मग ब्लाउज हातात घेऊन त्या म्हणाल्या, "ज्या बाईचा होता तिनं बघ एवढी वर्षं उलटा करून वाळत घातला असणार, म्हणून तर रंग राहिला होता." आणि मी नुसती उभी राहिले. आई, आजी, सगळ्याच तर तशाच घालतात वाळत, उलटे करून. बाकीचे सहा उलटे टांगले होते, ऊन लागलं ते त्यांच्या अस्तराला. एक सरळ ठेवला होता, फरक दिसावा म्हणून.

त्यानंतर आम्ही काचेला आतनं बांबूचा चिकाचा पडदा लावला, तीन वाजले की खाली. आणि चार दिवसांच्या वर काहीही एका जागी ठेवायचं नाही, हे मी काकूंच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतनं लिहून ठेवलं.

रिपोर्ट सबमिट केला तेव्हा मार्गदर्शक सरांना ते उलटे ब्लाउज पटले नाहीत. कपड्याची चुकीची बाजू गिऱ्हाइकाला दाखवणं हे डिस्प्लेच्या मूळ नियमाविरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि पहिल्या आठवड्यातले फोटो जास्त प्रोफेशनल आहेत. मार्क कमी पडले. मी वाद घातला, शांतपणे पण घातला. नव्या कपड्याला अजून कुणी नेसलेलं नसतं, त्याला काल नसतो, म्हणून दुकानदार त्याला दिवे आणि फुलं लावून उद्या दाखवतो. आमच्या कपड्याला काल होता, आणि घेणाऱ्या बाईला तो तपासून बघायचा होता. तिला चुकीची बाजू म्हणायला माझी जीभ वळत नाही. सर म्हणाले विचार करतो. मार्क तेवढेच राहिले.

मे संपता संपता वळीव आला, गारांचा, आणि त्याच आठवड्यात माझे सहा आठवडे संपले. शेवटच्या दिवशी काचेत तीन कपडे आणि बरीच मोकळी दोरी होती.

जूनमध्ये मावसबहिणीचं लग्न. माझ्याकडे मोतिया साडी होती, आईची. जांभळा ब्लाउज घालून बघितला तर थोडक्यात बसत नव्हता, काखेत ओढत होता. रात्री जेवणं झाल्यावर ब्लेड घेऊन बसले आणि दोन्ही बाजूंची आतली टीप उसवली, एकेक टाका, कापडाला ब्लेड लागू नये म्हणून दमानं. टीप सुटली, शिवण उघडली आणि आतनं जांभळा रंग निघाला. खरा जांभळा, दुकानात गाठोड्यातनं पहिल्यांदा काढला होता त्याच्याहूनही गडद, ज्याला कधी ऊन लागलं नव्हतं, बहुतेक साबणही नीट लागला नव्हता. घालून आरशात बघितलं, दोन्ही कुशींना काखेपासून कमरेपर्यंत अर्ध्या इंचाची गडद पट्टी आणि बाकी सगळा विटलेला. मला ते तसंच आवडलं, लग्नात तसाच घातला, कुणीतरी विचारलं पण की डिझाइन कुठनं केलंस.

लग्नाहून आल्यावर धुतला आणि गच्चीत वाळत घालायला निघाले तर आजीनं हातातनं घेतला. आतनं बघितलं, दोन बोटं ठेवून मोजलं.

"आणि एक सोडता येतोय की," म्हणाली, आणि उलटा करून दोरीवर टाकला.